डोक्यावरून गेले, मनात राहिले

चित्रपट संपतो, पडद्यावर नावे सरकू लागतात, दिवे लागतात आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षागृहात एक गमतीदार गोष्ट घडते. कोणीच काही बोलत नाही. प्रत्येकजण शेजारच्याच्या चेहऱ्याकडे हळूच पाहून घेतो. नेहमीचा चित्रपट असेल तर ही वेळ येत नाही. लोक हसत, गाणे गुणगुणत, खलनायकाला शिव्या घालत बाहेर पडतात. पण ज्यात गोष्टीचा धागा मध्येच तुटतो, रंग आणि आवाज अंगावर येतात, स्वप्न कुठे संपले आणि जाग कुठे आली याचा पत्ता लागत नाही, असा चित्रपट असेल तर पहिला प्रश्न ‘चित्रपट कसा होता’ हा नसतो. ‘मला कळला नाही, पण याला कळला असेल का?’ हा असतो. आणि मग जिना उतरता उतरता कोणीतरी धीर करून म्हणते, “आपल्या तर डोक्यावरून गेला बुवा!” त्या एका वाक्याने साऱ्यांच्या जिवात जीव येतो.

अशा चित्रपटांना इंग्रजीतून आलेला ‘सायकेडेलिक’ हा शब्द लावला जातो. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साठच्या दशकातले लांब केसांचे हिप्पी आणि नशापाणी उभे राहते. शब्दाचा जन्म मात्र एका मनोविकारतज्ज्ञाच्या पत्रव्यवहारात झाला. हम्फ्री ऑसमंड या कॅनडात काम करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५६ साली लेखक आल्डस हक्सले यांच्याशी पत्रे लिहिताना दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. त्याचा सरळ अर्थ ‘मन प्रकट करणारे’ असा होतो. औषधाचा संबंध बाजूला ठेवला तर ही व्याख्या कलेला चांगली लागू पडते. बाहेरचे जग जसेच्या तसे न दाखवता मनाच्या आतली उलथापालथ पडद्यावर मांडणारा चित्रपट तो सायकेडेलिक. आता मनच जर सरळ रेषेत चालत नसेल, तर त्याचा चित्रपट तरी सरळ कसा चालावा?

आपल्याकडे या जातीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे कमल स्वरूप यांचा ‘ओम दरबदर’. स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख सांगता येईल. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर १९७६ साली जो चित्रपट निघाला, तो काही तरुण दिग्दर्शकांनी सहकारी तत्त्वावर मिळून केला होता, त्यांत मणि कौल, सईद मिर्झा, के. हरिहरन यांच्याबरोबर स्वरूपही होते. पुढे त्यांनी दादासाहेब फाळके यांच्या शोधात कितीतरी वर्षे घालवली. फाळक्यांच्या काशीतल्या वास्तव्यावरच्या त्यांच्या ‘रंगभूमी’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

‘ओम दरबदर’ पुरा झाला १९८८ साली. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे तुमचा-आमचा. चित्रपटाची गोष्ट सांगा, असे कोणी म्हटले तर सांगणाऱ्याची पंचाईत होते. अजमेर-पुष्करच्या परिसरातला ओम नावाचा एक मुलगा आहे. सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाच्या नादी लागलेले त्याचे वडील आहेत, बहीण आहे, बहिणीचा मित्र आहे. ओमला पाण्याखाली दीर्घकाळ श्वास रोखून धरता येतो. पुढे बेडूक येतात आणि त्या बेडकांच्या पोटात हिरे असतात. मध्येच जाहिराती येतात, विज्ञानाचा तास येतो, धर्म येतो, गाणी येतात. पात्रे एकमेकांशी बोलतात, पण उत्तरे प्रश्नांना लागून येत नाहीत. एखाद्या निमशहरी मुलाच्या डोक्यात पुराण, पाठ्यपुस्तक, रेडिओ आणि सिनेमा यांची जी खिचडी शिजत असते, तिचे झाकण कोणीतरी एकदम उघडावे तसा हा चित्रपट आहे.

तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याला फिल्मफेअरचे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. आणि चित्रपटगृहात? तिथे तो पोचला १७ जानेवारी २०१४ रोजी. मध्ये २६ वर्षे गेली. जन्मलेले मूल शिकून, नोकरीला लागून, लग्नाला येते एवढा काळ! त्या काळात चित्रपटाच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या. आधी व्हिडिओ कॅसेटवर, मग संगणकावर. फिल्म इन्स्टिट्यूटची मुले तो एकमेकांना दाखवत राहिली. अनुराग कश्यपसारख्या पुढच्या पिढीतल्या दिग्दर्शकाने त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. म्हणजे ज्यांनी तो पाहिला त्यांच्यावर तो परिणाम करत होता. पण ज्याच्या पैशातून तो झाला त्या साध्या प्रेक्षकाला तिकीट काढून तो पाहण्याची, पाहून आवडून घेण्याची किंवा कंटाळून उठून जाण्याची संधीच नव्हती.

इथे क्षणभर थांबून विचार करायला हवा. ‘असले चित्रपट लोकांना कळत नाहीत’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोण म्हणते आहे याकडे आपले लक्षच जात नाही. लोक असे म्हणाले होते का? लोकांना विचारले कोणी? ‘ओम दरबदर’च्या बाबतीत प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय होईल हे प्रेक्षकांच्या वतीने परस्पर ठरवले गेले. अशा चित्रपटाला गिऱ्हाईक नाही, हे वितरणाच्या धंद्यातले जुने गृहीतक. आणि सामान्य माणसाला काय कळणार, हा जाणकारांच्या वर्तुळातला तितकाच जुना समज. धंदेवाईक आणि जाणकार यांचे एरवी कशावरच एकमत होत नाही. प्रेक्षकाच्या बुद्धीबद्दल मात्र दोघांचे मत तंतोतंत जुळते!

प्रेक्षकाला खरोखरच विचारले तर काय होते, याचे उत्तर वीस वर्षे आधी, दूर अमेरिकेत मिळून गेले होते. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाचा पहिला खेळ २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये. अवकाशयानांचा चित्रपट म्हणून लोक उत्सुकतेने आले होते. त्यांना दिसले काय? सुरुवातीची सुमारे २५ मिनिटे एकही संवाद नाही. ओसाड माळावर वानरांच्या टोळ्या आणि त्यांच्यामध्ये एक दिवस उभी ठाकलेली काळी शिळा. मग यानांचे संथ, अतिसंथ विहार. एक बोलणारा संगणक आणि त्याने केलेले खून. शेवटी तर अंतराळवीर रंगांच्या एका बोगद्यातून भरधाव जातो, एका पांढऱ्याशुभ्र शयनगृहात पोचतो, आपल्याच डोळ्यांदेखत म्हातारा होतो आणि पडद्यावर एक तेजस्वी अर्भक तरंगू लागते. समाप्त. साऱ्या चित्रपटात संवाद आहेत ते जेमतेम ४० मिनिटांचे. शेवटच्या भागात एकही नाही.

न्यूयॉर्कच्या खेळातून २४१ माणसे मध्येच उठून गेली, असे सांगितले जाते. लॉस एंजलिसच्या खेळाला आलेला रॉक हडसन हा नामवंत नट ‘हे काय चालले आहे ते कोणी मला सांगेल का?’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटत बाहेर पडला, ही आठवण तेव्हा तिथे हजर असलेले समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लिहून ठेवली आहे. वृत्तपत्रांतले मातब्बर समीक्षकही वैतागले. पॉलीन केल यांनी तर या चित्रपटात कल्पनाशक्तीचाच दुष्काळ आहे, अशी संभावना केली. खुद्द क्युब्रिकनीही पहिल्या खेळानंतर चार दिवसांत कात्री हाती घेतली आणि १९ मिनिटांचा भाग काढून टाकला. म्हणजे प्रेक्षकांची चुळबुळ त्यांनाही ऐकू आली होती.

पण चित्रपट चित्रपटगृहांत राहिला, ही यातली खरी महत्त्वाची गोष्ट. तो राहिला म्हणून पुढचे घडले. पहिल्या आठवड्यात मध्यमवयीन मंडळी कपाळाला आठ्या घालून बाहेर पडत होती. पाठोपाठ तरुण मुले येऊ लागली. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, पडद्याजवळच्या रांगा अडवून बसू लागली. ‘न्यूज्डे’ या दैनिकाचे समीक्षक जोसेफ गेल्मिस यांनी पहिल्यांदा चित्रपटावर कोरडे ओढले होते. काही दिवसांनी पुन्हा पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि तसे छापूनही टाकले. अँड्र्यू सॅरिस या दुसऱ्या ख्यातनाम समीक्षकांनीही पुढे पुन्हा पाहिल्यावर आपला पहिला अभिप्राय सुधारून घेतला. समीक्षकाने स्वतःची चूक छापणे ही दोन ग्रहांच्या युतीइतकीच दुर्मिळ घटना आहे, हे या धंद्यातले लोक जाणतात. निर्मात्या कंपनीनेही वारे ओळखले आणि चित्रपटाची जाहिरात अवकाशप्रवासाऐवजी ‘अंतिम सफर’ अशी, तरुणांच्या त्या काळच्या बोलीत करायला सुरुवात केली. १९६८ सालच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत त्याची गणना झाली. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा आजवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून पहिला क्रमांक मिळाला तो याच चित्रपटाला.

त्या दिवसांत क्युब्रिकना प्रेक्षकांची पत्रे येत. त्यांतली काही १९७० साली जेरोम एजेल यांनी संपादित केलेल्या पुस्तकात छापली आहेत. अर्थ सांगा म्हणून विनवणारे होते, चिडलेले होते, आयुष्य बदलले म्हणणारेही होते. त्याच पुस्तकात न्यू जर्सीच्या शाळेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने काढलेले अर्थ आहेत. काळी शिळा म्हणजे काय, शेवटचे ते शयनगृह म्हणजे काय, असे एकेक प्रश्न घेऊन तिने आपल्या परीने उत्तरे शोधली होती. एकाच प्रश्नाला दोन-दोन, तीन-तीन उत्तरेही दिली होती. ते वाचून क्युब्रिक म्हणाले की आपल्या वाचनात आलेले हे बहुधा सर्वांत बुद्धिमान विवेचन आहे. मोठमोठ्या पंडितांनी हात टेकले तिथे एका शाळकरी पोरीने वाट काढली. कारण उघड आहे. तिला आपली अब्रू सांभाळायची नव्हती. चुकले तर चुकले, अशा मोकळ्या मनाने ती विचार करत बसली.

‘आम्हाला कळत नाही’ हे म्हणण्याची लाज मोठ्यांनाच फार. मराठी माणसाला हे नवीन सांगायला नको. १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या तेव्हा महाराष्ट्रात केवढे काहूर उठले! अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पण ‘दुर्बोध’ हा शिक्का न्यायालयाच्या हातात नव्हता, त्यामुळे तो पुष्कळ काळ टिकला. पिंपातल्या उंदरांवरच्या त्यांच्या कवितेची विडंबने झाली, टवाळी झाली. आज त्या कवितेवाचून मराठी कवितेचा इतिहास पुरा होत नाही. मर्ढेकर तेच, शब्दही तेच. बदलला तो वाचणारा.

आणि मर्ढेकरांपर्यंत तरी कशाला यायचे? मुक्ताबाईच्या एका अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळून टाकते. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या एका रचनेत काट्याच्या टोकावर गावे वसतात. कबीराच्या उलट्या वाणीत तर सृष्टीचे सारे नियम डोक्यावर उभे राहतात. एकादशीच्या भजनात या रचना म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी कधी ‘हे दुर्बोध आहे’ म्हणून टाळ खाली ठेवले नाहीत. मुंगीने सूर्य कसा गिळला याचा खुलासा मागितला नाही. त्यांनी आधी ते गायले. वर्षानुवर्षे गायले. त्यातून ज्याला जेवढा अर्थ लागायचा तेवढा लागला. कोणाला किर्तनकाराच्या निरूपणातून लागला, कोणाला घरात मृत्यू झाला त्या रात्री एकाएकी लागला, कोणाला कधीच लागला नाही. पण चाल मात्र सगळ्यांच्या ओठांवर राहिली.

यावर कोणी म्हणेल, संतांच्या कूट रचनेला किल्ली असते. आध्यात्मिक परिभाषा ठाऊक असली की कुलूप उघडते. सिनेमावाल्याच्या कुलपाला किल्ली आहे याची हमी कोणी द्यायची? की नुसतेच कुलूप लटकावून ठेवले आहे आणि दाराच्या मागे भिंत आहे? ही शंका रास्त आहे आणि तिला टाळून चालणार नाही. पोकळपणा झाकण्यासाठी दुर्बोधतेची शाल पांघरणारे कलावंत प्रत्येक काळात असतात. सांगण्यासारखे काही नसले की चार रंगीत दिवे फिरवावेत, पाण्याचे थेंब पडताना दाखवावेत, नायकाला समुद्राकडे पाठ करून उभे करावे आणि कोणी विचारलेच तर ‘ज्याला कळायचे त्याला कळेल’ म्हणून मोकळे व्हावे, हा कलेचा आडमार्ग आहे. अशा चित्रपटातून उठून जाणारा प्रेक्षक अडाणी नव्हे. तो आपल्या वेळेची किंमत जाणणारा माणूस आहे.

मग खरे आणि खोटे ओळखावे कसे? त्याला पंडित असण्याची गरज नाही. दोन-तीन साध्या कसोट्या घरच्या घरी लावता येतात. पहिली कसोटी शिस्तीची. ‘२००१’चा अर्थ लागो न लागो, लक्ष देणाऱ्याला त्यातली बांधणी दिसते. काळी शिळा पुन्हा पुन्हा, नेमक्या वळणांवर येते. वानराच्या हातून हाड शस्त्र होते, मग माणूस होतो, आणि शेवटी ते अर्भक, त्या दोन्ही वेळी रिचर्ड स्ट्राउस यांची एकच सुरावट घुमते. वानराने आकाशात भिरकावलेले हाड पुढच्याच क्षणी अवकाशयान होते आणि लक्षावधी वर्षे एका कापणीत ओलांडली जातात. हे अपघाताने होत नसते. रंगांच्या त्या बोगद्यासाठी डग्लस ट्रम्बुल या तरुण तंत्रज्ञाने खास यंत्र बनवले होते. कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून तो एका अरुंद फटीकडे सरकवायचा आणि फटीमागची चित्रे हलवत राहायची. एकेका चौकटीला साधारण मिनिटभर लागे आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा २४ चौकटी लागतात! स्कॉटलंडच्या बेटांवरून विमानातून टिपलेल्या ओसाड भूमीचे रंग पालटून परग्रहाची दृश्ये केली गेली. नशेच्या तारेत हे होत नाही. क्युब्रिक स्वतः अशा पदार्थांपासून दूर होते; त्यामुळे कलावंताची स्वतःच्या कामाची पारख बोथट होते, असे त्यांचे मत होते. प्रेक्षकाला जो बेभानपणा वाटतो, त्याच्या मागे कोणीतरी फार शुद्धीवर राहून केलेली मेहनत असते.

दुसरी कसोटी आठवणीची. आठ दिवसांनी काही आठवते का? कामावर जाताना, भाजी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर एखादे दृश्य आपणहून परत येते का? पोकळ चित्रपट दारातच सांडून जातो; खरा चित्रपट न कळताही घरी सोबत येतो. आणि तिसरी कसोटी दुसऱ्या भेटीची. पुन्हा पाहिल्यावर तो वाढतो की आटतो? गेल्मिस यांना दुसऱ्या वेळी जे दिसले ते पहिल्या वेळीही पडद्यावर होतेच.

परंतु दुसरी भेट घडायची तर सोबत लागते, आणि इथेच आपल्या आजच्या जगण्याची अडचण आहे. भजनातली अवघड ओळ आजीला एकटीने पेलावी लागली नव्हती. तिच्या शेजारी टाळ धरून आणखी दहा बाया बसलेल्या होत्या. चित्रपटाच्या बाबतीत हे काम फिल्म सोसायट्यांनी केले. मुंबईत १९६८ सालीच, म्हणजे क्युब्रिकचा चित्रपट अमेरिकेत वाद माजवत होता त्याच वर्षी, प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी चित्रपट रसास्वादाचे वर्ग चालवले. प्राध्यापक सतीश बहादूर यांनी ‘पाहणे’ हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, हे कितीतरी शिक्षकांना, कारकुनांना, गृहिणींना पटवून दिले. चित्रपट पाहून झाल्यावर चहाचा कप हातात घेऊन रात्री उशिरापर्यंत भांडणारी माणसे त्यातून तयार झाली. त्यांतल्या सगळ्यांना सगळे कळत होते असे मुळीच नाही. पण न कळण्यात कमीपणा नाही, एवढे त्यांना कळले होते.

आज चित्रपट मिळणे फार सोपे झाले आहे. ‘ओम दरबदर’साठी कॅसेट मिळवायला कोणाच्या मागे लागावे लागत नाही. पण आता अडचण नेमकी उलट झाली आहे. चित्रपट संपताक्षणी, पुष्कळदा संपायच्या आधीच, हातातल्या फोनवर ‘शेवटाचा अर्थ’ समजावून सांगणारी दहा मिनिटांची चित्रफीत हजर असते. काळी शिळा म्हणजे हे, अर्भक म्हणजे ते, झाले! कोडे सुटले, पुढचा चित्रपट लावा. परीक्षेच्या मार्गदर्शिका वाचून पास होण्याची सवय आपल्या समाजाला पूर्वीपासून आहेच. आता करमणुकीलाही मार्गदर्शिका आली. त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती अशी चित्रफीत असती तर तिने ती उत्तरे शोधली असती का, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. न कळण्याच्या त्या चार-आठ दिवसांतच मन कामाला लागते. ते दिवसच काढून घेतले तर कलाकृती राहते, पण पाहणारा कोरडा राहतो.

याचा अर्थ घरातल्या सर्वांना रविवारी सक्तीने दुर्बोध चित्रपट दाखवावेत असा नव्हे. करमणुकीचा चित्रपट पाहण्यात कसलाही गुन्हा नाही; आठवडाभर कष्ट करणाऱ्या माणसाला तीन तास हसण्याचा हक्क आहे. शिवाय या प्रकारचे सारेच चित्रपट मुलांसाठी योग्य असतात असेही नाही, ते आधी पारखून घ्यावेच लागते. सांगायचे एवढेच की ताटात कधीतरी कारल्याची भाजीही पडू द्यावी. पहिल्या घासाला तोंड वाकडे होईल. होऊ द्यावे. तोंड वाकडे करण्याचा अधिकार खाणाऱ्याचाच असतो. त्याच्या वतीने वाढप्याने तो आधीच बजावून कारल्याचे पातेले स्वयंपाकघरातच ठेवून देऊ नये. ‘ओम दरबदर’च्या बाबतीत नेमके हेच झाले. २४१ माणसांना उठून जाण्याचा हक्क मिळाला, कारण त्यांना आधी आत येऊन बसायला मिळाले होते. आपल्या प्रेक्षकाला २६ वर्षे दोन्ही हक्क मिळाले नाहीत.

ही चूक आजही निराळ्या रूपात चालू असते. कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मंडळात, दिवाणखान्यात रिमोट कोणाच्या हातात आहे त्यानुसार, ‘हे लोकांना कळणार नाही’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे उच्चारले जाते. ते उच्चारणाऱ्याला एकदा तरी विचारावे : लोक म्हणजे नक्की कोण? आणि तुम्ही त्यांना विचारले होते का? सार्वजनिक पैशातून चित्रपट काढायचा तर तो सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याची तजवीजही त्याच पैशातून व्हायला हवी. दाखवल्यावर रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर तोही एक कौल आहे. तो मान्य करावा. पण न घेतलेल्या कौलाचा निकाल जाहीर करू नये.

आणि घरापुरते आपल्या हातात आहे ते करावे. असा एखादा चित्रपट मुलांबरोबर पाहिला तर दिवे लागल्यावर ‘काय कळले?’ असे विचारू नये. तो परीक्षेतला प्रश्न आहे. त्याने मुले गप्प होतात आणि मोठी माणसे खोटे बोलू लागतात. त्याऐवजी चार दिवसांनी, जेवताना, सहज विचारावे : “त्या सिनेमातले तुला काय आठवते रे?” कोणी बेडूक म्हणेल, कोणी हाड म्हणेल, कोणी नुसता एक रंग सांगेल. कोणी काहीच सांगणार नाही. पण मग घरातले एखादे धाकटे मूल, ज्याला आपण झोपलेच होते असे समजत होतो, एकदम म्हणेल, “तो माणूस म्हातारा झाला ना, तेव्हा खोलीत दुसरे कोणीच नव्हते.”

त्यावर मोठ्यांनी घाईने अर्थ सांगू नये. आमटी वाढावी आणि त्याला पुढे बोलू द्यावे.